दुतोंड्याच्या घराचं सोलिंग

तुळशीराम मेस्त्री जेवायला बसलेले मी कधी पाहिले नाहीत. ताट ओट्यावर, एक पाय ओट्यावर, दुसरा अंगणात, आणि भाकरीचा तुकडा मोडता मोडता मान सडकेकडे. यशोदावहिनी म्हणत, "आवो, टेका ना जरासेक." मेस्त्री म्हणत, "टेकलोच हावो." टेकलेली असे ती फक्त टाच, आणि तीही खालची जमीन ठोकून पाहण्यासाठी.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. मी मेडशीला प्राथमिक शाळेत मास्तर म्हणून नुकताच लागलो होतो आणि मेस्त्रींच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली होती. मधे मातीची भिंत. मेस्त्री सडकेच्या खात्यात. मेडशीच्या अल्याड-पल्याड आठ मैल रस्ता त्यांच्या ताब्यात आणि हाताखाली बारा बायांची गँग. वय पंचेचाळीस, अंग वाळक्या तुरीच्या काडीसारखं, डोक्याला लाल रुमाल आणि बुडाखाली एक सायकल, जिच्यावर ते बसण्यापेक्षा उभेच जास्त असत.

टाचेचं सांगतो. मेस्त्री कुठंही गेले की आधी टाच आपटत. देवळात, चावडीत, माझ्या वर्गात. दोनदा आपटायची, कान द्यायचा आणि निकाल सांगायचा, "पक्की हाये" किंवा "पोकळ हाये". एका लग्नात अक्षता हातात घेऊन सगळे उभे. भटजींनी सूर लावलेला. एवढ्यात मागून धप्‌ धप्‌. मेस्त्री गर्दीतून वाट काढत नवरीच्या पाटापर्यंत पोचले, तिथं टाच आपटली आणि मंगलाष्टकांच्या वर आवाज काढून म्हणाले, "पाट सरकवा. खाली पोकळ हाये." नवऱ्याची आत्या म्हणाली, "हा मानूस कोनाचा हाये? ह्याले बाहीर काढा." काढलं बाहेर. मेस्त्री बाहेर जाऊन उभे राहिले आणि वाट पाहू लागले. तिसऱ्या दिवशी मांडवाचे बांबू न्यायला आलेल्या बैलाचा पाय बरोबर त्याच जागी मांडीपर्यंत आत गेला. खाली जुनं, विसरलेलं धान्याचं पेव निघालं. मेस्त्रींनी त्या आत्याला निरोप पाठवला. काय निरोप पाठवला ते वहिनींनी मला कधी सांगितलं नाही, पण सांगणार नाही असं म्हणताना त्या पदर तोंडाला लावून हसत.

पोकळ काही सहन न होणारा हा माणूस. त्यांचा एकच मंत्र, "ठोका, पानी मारा, पुन्ना ठोका." सडकेला हाच, वहिनींच्या भाकरीच्या पिठाला हाच, माझ्या वर्गातल्या ढ पोरांनाही हाच. "पानी काहून मारायचं पोट्टयांवर?" मी विचारलं तर म्हणाले, "गुर्जी, त्याबिगर बसत नाई."

आणि या माणसाच्या नशिबी साप आला.

नागपंचमीला आमच्याकडे जमिनीला लोखंड लावत नाहीत. नांगर नाही, कुदळ नाही. वहिनी तर त्या दिवशी भाजीसुद्धा चिरत नसत, हातानं मोडत. गँगच्या बायांनाही सुट्टी. पण पावसानं सातव्या मैलावर खड्डा पाडला होता आणि दुसऱ्या दिवशी ओव्हरसियर येणार होते. मेस्त्री सकाळपासून अंगणात येरझाऱ्या घालत होते. दहाव्या येरझारीला त्यांनी कुदळ उचलली.

वहिनी आडव्या झाल्या. "आजच्या दिसाले?"

"एक पाटी मुरूम, यशोदे. एकच. सापाले काय आजची तिथी मालूम हाये?"

"तुमाले तं मालूम हाये ना?"

मेस्त्री कुदळीसकट सायकलवर बसून मुरमाच्या खदानीकडे निघून गेले.

तासाभरानं परतले ते सायकल हातानं ढकलत. मेस्त्री आणि सायकल ढकलणं! डोक्यावर रुमाल नव्हता. रुमाल हँडलला झोळीसारखा बांधला होता आणि झोळीत काहीतरी जड होतं. ओट्याशी येऊन त्यांनी गाठ सोडली. आत दुतोंड्या, म्हणजे मांडूळ. दीड हात लांब, मनगटाएवढा जाड, मातकट. दोन्ही टोकं सारखीच बोथट, त्यामुळे डोकं कुठलं आणि शेपूट कुठलं हे त्याचं त्यालाच ठाऊक. एका टोकाजवळ दोन बोटं कातडं सोलून निघालेलं, आतलं लाल मांस दिसत होतं.

"म्या कुदळ मारली," मेस्त्री म्हणाले.

वहिनींनी आधी कपाळाला हात लावला, मग आत जाऊन हळद आणि तेल आणलं.

दुसऱ्या दिवशी सातव्या मैलावर काय घडलं ते अख्ख्या मेडशीनं ऐकलं. बाराही बाया आल्या होत्या, कुदळी ओळीनं जमिनीवर ठेवल्या होत्या आणि एकीनंही हात लावला नव्हता. पुढं सुभद्राबाई उभी. साठीची, काटक, गँगमध्ये मेस्त्रींना 'तू' म्हणणारी एकटीच. मेस्त्री खात्यात नवीन लागले तेव्हा टोपलं कसं उचलायचं ते हिनंच त्यांना शिकवलेलं.

"त्या खदानीत आमी कुदळ लावत नाई, मेस्त्री. ते जितं आपल्या जागी जाईन, मंग पाहू."

"अन्‌ मेलं तं?"

"मेलं तं तू दुसऱ्या बाया पाय. आमी तुह्या हाताखाली नाई." आज ऊन पडलंय असं सांगावं, तशा आवाजात ती बोलली. रागावली असती तर मेस्त्रींनी समजूत घातली असती. न रागावलेल्या सुभद्राबाईपुढं इलाज नव्हता.

चौदा वर्षांची गँग होती ती. ओव्हरसियरची बोलणी मेस्त्रींनी खाली मान घालून ऐकली, घरी आले आणि किराणा दुकानातून चहाचं रिकामं खोकं आणलं. भलं मोठं, आतून चांदीचा कागद लावलेलं. "गुर्जी," मला म्हणाले, "याले असं घर बांधून देतो का साहेबाचा बंगला झक मारीन. आरामात राहीन, खाईन, पीईन, बरा होईन."

आता उत्तम घर म्हणजे काय? मेस्त्रींच्या लेखी जगात उत्तम वस्तू एकच होती. त्यांनी खोक्याच्या तळाशी आधी मोठे दगड बसवले. सोलिंग. त्यावर बारीक खडी. त्यावर पाचव्या मैलाचा निवडक मुरूम. मग पाणी. मग वहिनींचं मुसळ घेऊन ठोकाठोक. दोन दिवस माझ्या भिंतीवरची चित्रं हलत होती. मधे उंचवटा, दोन्ही बाजूंना उतार, कडेला बोटभर गटारं. लपायला म्हणून फुटक्या माठाचा अर्धा भाग पालथा घातला. तेवढ्यावर समाधान होईना, म्हणून विटांच्या तुकड्यांची एक मोरी बांधली, सडकेखाली असते तशी, वर कठड्यासकट. दुसऱ्या टोकाला नारळाच्या करवंटीत पाणी. मैलाचा दगड तेवढा वहिनींनी लावू दिला नाही.

उद्‌घाटनाला मला बोलावलं. मी टोपी घालून गेलो.

मेस्त्रींनी दोन्ही हातांनी पाहुण्याला खोक्यात ठेवलं. तो सडकेवर पसरला. त्यानं एक टोक जमिनीला लावलं, रेटलं. जमीन हलली नाही. थोडं पुढं सरकला, पुन्हा रेटलं. अशी सगळी सडक त्यानं नाकानं तपासली, माठ ओलांडला, मोरीकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि कोपऱ्यात जाऊन चांदीच्या कागदाला चिकटून पडला.

"पाहून राह्यला," मेस्त्री म्हणाले.

तो तीन दिवस पाहून राहिला. तिसऱ्या दिवशी त्याच्या नाकावर खरचटल्याची लाल रेघ दिसली. मेस्त्रींनी वाकून पाहिलं, टाचेऐवजी बोटाच्या पेरानं सडक ठोकली आणि निदान केलं, "कुठंतरी कच्ची राह्यली. म्हून नाक घालून राह्यला." पाहुणा घमेल्यात गेला आणि सडक पुन्हा ठोकली गेली. आता तिच्यावरून मालमोटार गेली असती.

खाण्याची वेगळीच कथा. दुतोंड्या माती खातो असं मेस्त्रींना कोणीतरी सांगितलेलं. त्यांनी चार द्रोणांत चार मैलांची माती मांडली. सोयऱ्याला पंगतीत आग्रह करावा तसे म्हणत, "घे, सातव्या मैलाची घे, तुह्या गावची हाये." तिकडे गावातल्या बाया दूध घेऊन येऊ लागल्या. हळदीकुंकू वाहायचं तर डोक्याला वाहायचं, पण डोकं कुठलं? यावर दोन बायांचं जुंपलं. शेवटी त्यांनी दोन्ही टोकांना कुंकू लावलं. वहिनींनी मग दारात काठी आडवी लावली. "त्याच्या डोयात कुकू गेलं तं तुमी येसान का निस्तराले? व्हा घरी."

यात गंमत अशी की वहिनींना मनातून त्याची भीती होती. दुतोंड्या चाटला तर अंगावर कोड फुटतं, असं त्यांनी माहेरी ऐकलेलं. जवळ जाताना त्या हाताला लुगड्याचा पदर गुंडाळत. पण जात.

आठवा दिवस. सकाळी खोक्यात सडक होती, मोरी होती, प्रवासी नव्हता.

मेस्त्रींनी घर उलटंपालटं केलं. माझी खोलीही केली. माझ्या ट्रंकेतले शर्ट झटकले, गादी उभी केली, पाटीवर पाटी ठेवलेला गठ्ठा एकेक करून उतरवला. वाटेवरच्या प्रत्येकाला विचारलं. दुपारी सुभद्राबाई येऊन ओट्यावर बसली. मेस्त्री तिच्यासमोरून सतरा वेळा गेले आणि सतरा वेळा म्हणाले, "असंन कुठीतरी." आवाज दर वेळी बारीक.

दुसऱ्या दिवशी वहिनी मागच्या पडवीत गेल्या. तिथं त्यांनी पावसाआधीच चाळून ठेवलेल्या पांढऱ्या मातीचा ढीग होता, दिवाळीला भिंती सारवायला. कोरडी, पिठासारखी माती. त्यांनी वाडग्यानं माती ओढली आणि त्या किंचाळल्या. आम्ही धावलो. वहिनी हात झटकत होत्या आणि ढिगातून मातकट पाठीचा एक तुकडा दिसत होता. हलला, आणि सावकाश, अगदी ऐसपैस, पुन्हा मातीत शिरला.

त्या दोन दिवसांत त्याच्या पाठीच्या जखमेवर खपली धरली होती.

वहिनी त्या ढिगाकडे पाहत राहिल्या. मग मेस्त्रींकडे वळल्या. "आवो, त्याले सडक नाई पायजे. त्याले माती पायजे. भुसभुशीत. तुमी आठ दिस त्याले दाराबाहीर उभा करून ठेवला."

मेस्त्रींचा चेहरा मी विसरणार नाही. चौदा वर्षं ज्या मोकळ्या मातीशी त्यांनी वैर धरलं, तीच कुणाला तरी अंथरूण-पांघरूण असू शकते, हे त्यांच्या डोक्यात उतरायला जागाच नव्हती. त्यांनी उकिडवं बसून ओंजळभर माती घेतली, बोटांतून खाली सोडली, पुन्हा घेतली. "पोकळ," ते म्हणाले. "हे तं सारंच पोकळ हाये."

"त्याच्यातच तं राहते ते," सुभद्राबाई म्हणाली. आजही ती ओट्यावर येऊन बसली होती, किंकाळी ऐकून मागं आली होती. "अन्‌ माती खात नाई ते, उंदीर खाते. माया वावरात म्या सोता पाह्यलं हाये. इतके दिस काहून नाई इचारलं?"

सोलिंग उखडलं. ते ठोकायला दोन दिवस लागले होते, उखडायला तीन लागले. खोक्यात दीड वीत कोरडी पांढरी माती भरली. मोरी गेली, माठ गेला. फक्त एक चपटं कवेलू, छपराचं कौल, वर टेकवलं, त्याखाली त्याला अंधार मिळावा म्हणून. झाकणाला भोकं. खोकं चुलीच्या पाठच्या भिंतीला, जिथं ऊब राहते तिथं. ही सगळी वहिनींची आखणी. मेस्त्री हुकमाप्रमाणे उचलत होते. पाहुण्याला सोडलं तर तो चार श्वासांत मातीखाली गडप.

आता सगळं ठीक व्हायला हवं होतं. पण मेस्त्री ते मेस्त्री. गडप झाला म्हणजे मेला तर नसेल? सकाळी हात घालून उकरून पाहत. "जिता हाये." कामावरून आले की उकरत. "हाये, हाये." जेवता जेवता उठून उष्ट्या हातानं उकरत. वहिनींनी धरलेला उंदीर आत तसाच नाचत राहिला, दुतोंड्यानं तोंड लावलं नाही. बरगड्यांच्या जागी त्याची कातडी सैल पडू लागली.

वहिनींनी उंदीर सोडून दिला, खोक्याच्या झाकणावर पाटा ठेवला आणि निकाल दिला. "आठ दिस. बोट लावाचं नाई. गुर्जी, तुमी ध्यान ठेवा. हे खोक्यापाशी गेले का खोका."

मी आनंदानं नेमणूक स्वीकारली. भिंतीपलीकडून मेस्त्रींची पावलं खोक्याच्या दिशेनं गेली की मी खोकत असे. खरं सांगायचं तर ती गेली नसतानाही मी अधूनमधून खोकत असे. पलीकडे भांडं पडल्याचा आवाज यायचा आणि मग मेस्त्री मोठ्यानं म्हणायचे, "म्या काई केलं नाई!"

त्या आठ दिवसांत मेस्त्रींनी आमची अख्खी गल्ली सपाट केली. शाळेचा ओटा नव्यानं बांधला. माझ्या खाटेचे चारही पाय एका मापाचे केले, त्यात खाट वीतभर बुटकी झाली. गँग अजून खदानीत येत नव्हती, बाया सडकेच्या कडेचं गवत काढत होत्या. तिथं जाऊन त्यांनी गवतसुद्धा रांगेत काढायला लावलं.

पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत ते वर्गाच्या दाराशी आले. आत आले नाहीत. टाचही आपटली नाही.

"गुर्जी, जिता असंन का?"

"असेल."

"म्या आजवर जे केलं ते हातानं केलं. ठोकलं का आवाज येते, आवाजावरून समजते. हे कसं समजाचं? हात नाई लावाचा, आवाज नाई, अन्‌ ते आत काय करून राह्यलं..." त्यांनी रुमाल काढून पुन्हा बांधला. "ते मेलं तं सुभद्रा जाईन. तिचं बराबर हाये. म्या माहीत असून कुदळ घातली. नुसतं बसून राह्यवलं नाई म्हून."

मी उगाच खोकलो. त्यांना हसू आलं नाही, मलाही आलं नाही.

सहाव्या संध्याकाळी वहिनींनी नवा उंदीर धरला, पाटा जरासा सरकवून आत सोडला आणि पाटा पुन्हा ठेवला. थोडा वेळ आतून खसखस येत होती. मग एक धडपड, आणि मग काहीच नाही. मेस्त्री अंगणात सायकलची साखळी पुसत होते, तीच साखळी तिसऱ्यांदा. आठवा दिवस पुरा झाला तेव्हा वहिनींनी हाताला पदर न गुंडाळता झाकण काढलं. उंदीर नव्हता. कवेलू उचललं. त्याखाली दुतोंड्या वेटोळं करून पडला होता, आणि त्याच्या अंगात मधोमध एक गुबगुबीत फुगवटा होता.

मेस्त्री वाकले. हात पुढं गेला, हवेत थांबला आणि माघारी आला.

"झाका," ते म्हणाले. "जेवून राह्यला तो."

पोळा होऊन चार दिवस झाल्यावर त्याला घेऊन आम्ही खदानीवर गेलो. बाराही बाया आल्या होत्या. मेस्त्रींनी आदल्या दिवशीच येऊन एका कोपऱ्यातली जमीन मोकळी करून ठेवली होती. कुदळीनं नव्हे, हातांनी. नखं फुटली होती.

दुतोंड्याला तिथं ठेवलं आणि तो जो पडला तो पडलाच. कोणतं टोक आधी आत जाईल यावर बायांच्या पैजा लागल्या. ऊन चढलं. एकीनं जांभई दिली. मेस्त्री इकडून तिकडं, तिकडून इकडं.

"धक्का देऊ का हलकासा?"

"त्याले हात लावशीन तं याद राख." सुभद्राबाईनं त्यांच्या धोतराचा सोगा धरून खाली ओढलं. "बस अथी."

मेस्त्री उकिडवे झाले.

"टेक."

मेस्त्री टेकले. पाय पसरून, पोरासारखे, मुरमात.

किती वेळ गेला कोण जाणे. मग एक टोक किंचित खाली दबलं, माती थरथरली आणि जणू कोणी खालून दोरी ओढत असावं तसा तो जिन्नस सावकाश आत गेला. पाठीवरची ती गुळगुळीत गुलाबी खूण शेवटी दिसली आणि मिटली. माती पुन्हा साधी माती झाली.

बाया उठल्या. सुभद्राबाईनं कुदळ घेतली. "चाल, कुठून खोदाचं ते दाखव. हा कोपरा सोडून."

मेस्त्री बसल्या जागेवरून हातानं दाखवत राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली रिठदला झाली. सामान टपावर टाकून मी बसमध्ये बसलो आणि बस चौथ्या मैलावर थांबली. पुढं लाल निशाण. रस्त्यावर ताजा मुरूम पसरलेला, आणि त्यावर समोरासमोर उभ्या बारा बाया, हातात जमीन ठोकायची जड धुम्मसं. सगळी धुम्मसं डोक्याइतकी वर उचललेली आणि तशीच थांबलेली. खाली, त्या लोखंडी बुडांच्या सावलीत, मेस्त्री गुडघ्यांवर रांगत होते. दोन्ही हातांची बोटं मुरमात घालून, विंचरल्यासारखी फिरवत.

ड्रायव्हरनं भोंगा वाजवला.

"मेस्त्री, हात तुटून राह्यले!" एक बाई ओरडली.

"थांब ना वो, एवढं एक पाहू दे."

"रोजचंच हाये हे," सुभद्राबाई ड्रायव्हरला म्हणाली. तिचं धुम्मस मात्र तसूभरही खाली आलं नव्हतं.

मी खिडकीतून हाक मारली. मेस्त्रींनी वर पाहिलं नाही. त्यांच्या बोटांना काहीतरी लागलं होतं. त्यांनी ते ओंजळीत घेतलं, वाकूनच रस्त्याच्या कडेला नेलं आणि गवतात सोडलं. काय होतं ते बसमधून दिसलं नाही. मग कडेला उभं राहून त्यांनी हात खाली केला.

बारा धुम्मसं एकदम पडली. माझ्या बाकापर्यंत जमीन हादरली.